कौन से मिस्टर?

इंग्रजी भाषेत म्हणे लाखो शब्द आहेत. असोत बापडे! मला विचाराल तर त्यातला खरा कामाचा शब्द एकच. मिस्टर!

हा एक शब्द पदरी असला की बाईमाणसाचं कुठेही अडत नाही, असं मी एकेकाळी छातीठोकपणे सांगत असे. तुम्ही आजकालच्या मुली नवऱ्याला नावानं हाक मारता, वर "अरे ऐक ना" म्हणता. आमच्या वेळी नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, अशी पक्की समजूत! आमच्या सासूबाई द्वारकाबाई तर ह्यात इतक्या कडक, की यजमानांचं नाव गणपत होतं म्हणून त्या आरतीतसुद्धा देवाला नुसतं "बाप्पा" म्हणायच्या.

अशा घरात मी मॅट्रिक झालेली सून. माझं माहेरचं नाव प्रेमलता. लग्नात ह्यांनी तांदळात अंगठीनं 'उषा' असं लिहिलं आणि त्या क्षणापासून मी उषा झाले. पुरुषाचं बरं असतं बघा! त्यानं बायकोचं नाव बदललं तरी चालतं, आणि तिनं त्याचं नुसतं उच्चारलं तरी आकाश कोसळतं!

त्यावर मी तोडगा काढला तो मिस्टर. "अहो"पेक्षा भारदस्त, "आमचे हे"पेक्षा ठसठशीत! मिस्टरांचा डबा, मिस्टरांची सायकल, मिस्टरांना पडसं झालंय. जुन्या इंदुरातल्या आमच्या गल्लीत मीच हा शब्द रुजवला. मग लक्षात आलं, हा शब्द तर पुरणपोळीसारखा सगळ्या सणांना चालतो! साहेब खूश असला की "मिस्टर जोशी", साहेब भडकला की "लुक हिअर, मिस्टर!" रस्त्यात कोणी आडवी सायकल लावली की टांगेवाला ओरडणार, "ओ मिस्टर, हटाओ!" आणि कोणी चार दिवस मुंबईला जाऊन पँट शिवून आला की, "देखो भिया, मिस्टर बनके आया है!"

सासूबाईंना मात्र तो कधी पटला नाही. "मिस्टर काय गं? गोऱ्या साहेबाच्या कुत्र्याला मारलेली हाक वाटते," म्हणायच्या.

तर सांगायची गोष्ट छप्पन सालची. नवं मध्यप्रदेश राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली, आणि इंदूरच्या कचेऱ्या एकामागून एक गाठोडी बांधू लागल्या. एके संध्याकाळी मिस्टर घरी आले ते उतरलेल्या भज्यासारखे.

"माझीही बदली झाली. भोपाळ."

मी हातातली पळी खाली ठेवली. कारण त्याच महिन्यात मला इंदुरात सरकारी कन्याशाळेत मास्तरणीची नोकरी लागली होती! पहिल्याच दिवशी वर्गातल्या मुली उठून "नमस्ते बहनजी" म्हणाल्या, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. ते इतक्यात उतरवायला मी तयार नव्हते.

"साहेबांना सांगा की, माझी बायको इथे नोकरीला आहे म्हणून."

"साहेबांना?" मिस्टर म्हणाले. "अगं, ते उदयसिंहजी रीव्याकडचे. मिशा अशा, की त्यांच्याशी बोलताना मी मिशांकडेच बघत राहतो आणि काय सांगायचं ते विसरतो."

"मग मी सांगते!"

"तू? कचेरीत? बाईमाणूस?"

"का? कचेरीच्या दारावर 'बायकांना मनाई' असं लिहिलंय का?"

मिस्टर पाणी प्यायला आत गेले. त्यांचं कुठलंही मतभेदाचं बोलणं माठापाशीच संपायचं.

सासूबाई देवापुढे वाती वळत होत्या. त्यांनी मान न उचलता बजावलं, "जायचं तर जा. भोपाळला मलाही नाही जायचं. पण त्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. आणि तू शिकलेली आहेस म्हणून आधीच सांगते, लिहायचंही नाही!"

"त्याची कशाला गरज पडतेय?" मी ऐटीत म्हणाले. "मिस्टर आहे ना!"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर निळी महेश्वरी नेसून मी कचेरीत पोचले. तिथे वऱ्हाड निघाल्यासारखा पसारा! भोपाळला जाणाऱ्या फायलींचे लाकडी खोके व्हरांड्यात उघडे पडलेले, सगळीकडे गवत, सुतळी आणि धूळ. दाराशी स्टुलावर लक्ष्मण चपराशी विडी ओढत बसला होता.

"साहेबांना भेटायचंय. आमच्या मिस्टरांच्या बदलीचं काम आहे."

"कौन से मिस्टर, भाभीजी?"

"माझे मिस्टर."

"वो तो ठीक है. पर यहाँ तो सब किसी न किसी के मिस्टर हैं!"

"जोशी!"

"कौन से जोशी?"

इंदूरच्या कचेरीत जोशी शोधणं म्हणजे पोह्यांच्या कढईत एक पोहा शोधणं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पण मी डगमगले नाही. नाव घ्यायचं नाही, पण बोट दाखवायला कुठे बंदी आहे? "चला, दाखवते," म्हणून मी सरळ मोठ्या हॉलच्या दारात उभी राहिले.

लक्ष्मणानं माझ्यामागून हाळी दिली, "ओ मिस्टर! आपकी मिसेस आई हैं!"

एकजात सगळ्या कारकुनांनी माना वर केल्या. काहींचे चेहरे पांढरेफटक! पण त्यांत आमचे मिस्टर कुठेच नव्हते. खिडकीजवळच्या टेबलावर त्यांचा डबा होता, खुर्चीच्या पाठीवर कोट होता, कोटाच्या आतला माणूस गायब! मला येताना खिडकीतून बघून ते कुठेतरी दडले होते, हे मी ओळखलं. नाव घेता येत नाही, बोट दाखवावं तर माणूस नाही! आता परत फिरावं तर घरी सासूबाई आणि उद्या भोपाळ. मी पदर खोचला आणि लक्ष्मणाला ओलांडून थेट साहेबांच्या खोलीत शिरले.

मिशा खरोखरच तशा होत्या.

"यस, मैडम?"

"सर, माय मिस्टर, ट्रान्सफर, कॅन्सल!" मी घडाघडा पाठ केलेलं म्हणून टाकलं.

"यस, यस. बट मिस्टर हू?"

"मिस्टर जोशी."

"यहाँ तो चार जोशी हैं. नाम बताइए."

"नाव नाही घेता येत, साहेब. धर्म आडवा येतो."

साहेबांनी चष्मा काढला. लक्ष्मणानं पुढे होऊन समजावलं, "साब, इनके यहाँ औरतें मरद का नाम नहीं लेतीं." साहेब जरा हसले. म्हणाले, "हमारे यहाँ भी अम्मा नहीं लेती थीं. इशारा करती थीं. आप इशारा कीजिए."

वा! एवढंच ना? मी खिडकीतून वर बोट दाखवलं. "जो रोज सकाळी उगवतो तो!"

"मुर्गा?" लक्ष्मण म्हणाला.

"मुर्गा उगवतो का रे? आकाशात! तेजस्वी!"

"सूरज!" साहेब टाळी वाजवून म्हणाले. "लक्ष्मण, सूरज जोशी को बुलाओ!"

"साब, सूरज तो कोई नहीं. भास्कर जोशी हैं, दिनकर जोशी हैं, प्रभाकर जोशी हैं…"

आता जोशी मंडळींना सूर्याची एवढी भक्ती असेल, हे मला काय ठाऊक! तिघेही भिंतीशी रांगेत येऊन उभे राहिले.

"ये हैं आपके?"

"इश्श! नाही!"

"ये?"

"नाही हो!"

"तो ये?"

"अहो, ह्यांच्या तर मुंजीचं मला बोलावणं आलं होतं!"

हॉलमधली सगळी कचेरी दारात जमली. कोणीतरी मागून कुजबुजलं, "बाई को अपना मिस्टर पसंद नहीं आ रहा." भास्कर जोशी घाम पुसत होते. दिनकर जोशींची बायको आमच्याच भजनीमंडळातली, त्यामुळे ते तर "वहिनी, घरी काही सांगू नका" असं हात जोडून म्हणत होते. प्रभाकर जोशींनी शेवटी तोंड उघडलं, "सर, ये तो हमारे दि…"

"चुप!" साहेबांनी टेबलावर हात आपटला. त्यांच्या डोळ्यांत आता खेळाची चमक आली होती. "कोई नहीं बोलेगा. अब तो मैं इन्हीं के मुँह से सुनूँगा. मैडम, नाम बताइए, ट्रांसफर की बात अभी करता हूँ. नहीं तो नमस्ते."

एकीकडे सासूबाईंचा दंडक, दुसरीकडे माझ्या वर्गातल्या मुली. आणि तेवढ्यात मला आठवलं! शास्त्रानं एक चोरवाट ठेवलीय की! उखाणा! उखाण्यात घेतलेलं नाव देव मोजत नाही. डोहाळजेवणात, हळदीकुंकवात घेतात, तर कचेरीत का नाही?

मी डोक्यावर पदर घेतला, डोळे मिटले, आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"सराफ्याच्या जिलेबीला साजूक तुपाचा वास,
दिवाकररावांची बदली थांबवा, एवढीच माझी आस!"

मग दारातले सगळे मराठी कारकून, जन्मजात सवयीनं, एका सुरात ओरडले, "ऐकू नाही आलं! परत! परत!"

आता उखाण्याला परत म्हटल्यावर कोण बाई थांबेल? मी परत घेतला, ह्या वेळी जरा लाजून. टाळ्यांचा कडकडाट झाला. दिनकर जोशींनी डोळे मिटून "वा, वहिनी!" म्हटलं. लक्ष्मण साहेबांच्या कानाशी अर्थ सांगू लागला, आणि साहेब असे हसू लागले, की मिशांची टोकं डोळ्यांना टेकली!

"वाह! तो दिवाकर जोशी! कहाँ हैं दिवाकरजी?"

आणि व्हरांड्यातल्या एका खोक्याला सटकन शिंक आली.

सगळे तिकडे धावले. लक्ष्मणानं फायलींवरचं गवत बाजूला केलं, तर आत आमचे मिस्टर! डोक्यावर गवताचा तुरा, मांडीवर फायलींचा गठ्ठा, आणि खोक्यावर बाहेरून ठळक अक्षरांत रंगवलेलं, 'भोपाल'.

साहेब म्हणाले, "अरे, ये तो जाने के लिए पैक होके बैठे हैं!"

मिस्टर उभे राहिले. साहेबांच्या मिशांकडे बघत राहिले. आणि अर्थातच काय सांगायचं ते विसरले.

साहेबांनी कपाळावर हात मारला. "जिस आदमी को अपने ही दफ्तर में ढूँढने में आधा दिन लग जाए, उसे मैं भोपाल में कहाँ ढूँढूँगा? रहने दो इनको यहीं. ट्रांसफर कैंसल!"

मी जिंकले! त्या संध्याकाळी आम्ही सराफ्यातल्या हलवायाकडून जिलेबी आणली. सासूबाईंनी आधी दटावून विचारलं, "नाव घेतलंस?"

"घेतलं. पण उखाण्यात!"

त्यांनी थोडा विचार केला. "उखाण्यात चालतं," म्हणाल्या आणि जिलेबीकडे हात नेला. "पण माझ्या मुलाला जिलेबीच्या ओळीत बसवायचं म्हणजे… चांदीच्या ताटात बसवतात गं नवऱ्याला!"

मिस्टर मात्र पुढे सेवानिवृत्त होईपर्यंत कचेरीत 'जिलेबीवाले जोशी' राहिले. निदान चार जोशींतला घोळ तरी मिटला!

एवढ्यावर थांबले असते तर माझी फुशारकी शाबूत राहिली असती. पण नाताळच्या सुट्टीनंतर मी शाळेत गेले, तर हेडबाईंनी माझ्या हातात हुकूम ठेवला. नव्या राज्यात नव्या शाळा उघडत होत्या. बहनजींची बदली, महूच्या पुढे, मानपूरला!

मी घरी येऊन माठापाशीच बसले. आणि काय सांगू, मिस्टर कधी नव्हे ते ताठ उभे राहिले! "तू माझ्यासाठी सिंहाच्या गुहेत गेलीस. उद्या मी जातो शिक्षणखात्यात. आणि मला कुठे नावाची अडचण आहे? मी खुशाल सांगेन!"

मला भरून आलं. सासूबाईंनी त्यांच्या हातावर दही ठेवलं. कोट घालून, छाती काढून मिस्टर सायकलवरून गेले, आणि दुपारी आले ते पुन्हा तसेच, उतरलेल्या भज्यासारखे.

"काय झालं? भेटले नाहीत का साहेब?"

"भेटले. चांगले होते बिचारे. मी ठणकावून सांगितलं, उषा दिवाकर जोशी हिची बदली रद्द करा. त्यांनी सगळे कागद माझ्यादेखत चाळले. म्हणाले, ह्या नावाची मास्तरीणच आमच्याकडे नाही, तर बदली कुणाची रद्द करू?"

"अहो, नसणारच!" मी कपाळावर हात मारला. "माझं मॅट्रिकचं सर्टिफिकेट माहेरच्या नावाचं! नोकरी त्याच नावानं लागलीय! प्रेमलताची बदली रद्द करा, असं सांगायचं होतं!"

मिस्टरांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, आणि अगदी निरागसपणे विचारलं,

"प्रेमलता? ती कोण?"

मी उठले. ट्रंक खाली काढली आणि महेश्वरीची घडी घालू लागले. मानपूरची मोटार पहाटेच सुटायची, आणि तिकडच्या शाळेत तरी सगळे मला नुसतं बहनजीच म्हणणार होते.