तिसऱ्या पायरीवरचा आकडा

गुरुवारी दुपारी चार वाजता करंजटोलीच्या तलाव पाणीवाटप संस्थेच्या कार्यालयात दोन माणसं भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि तिसरं माणूस संगणकासमोर एका बोटाने अक्षरं शोधत होतं. सचिव चंद्रकुमार दारात उभे राहून बाहेर पाहत होते. कोण काय टाकतं हे त्यांनाही दिसायला नको होतं. नियम त्यांनीच केला होता.

संगणकाची जुनी प्रणाली जाऊन नवी यायची होती. पंधरा दिवसांपासून पडद्यावर तशी सूचना येत होती. चंद्रकुमारांनी नागपूरला नोकरी करणाऱ्या मुलीला, मेघाला, फोन केला. ती म्हणाली, "बाबा, काही होत नाही. पण आधी कामाच्या फाइली पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा. आणि संगणक बंद पडलाच तर परत सुरू करता यावा म्हणून दुसरा पेन ड्राइव्ह बनवा." मुलीने दहा मिनिटांचं काम सांगितलं होतं. चंद्रकुमारांनी त्याला तीन दिवस दिले.

कामाची फाइल एकच होती: पाळीची यादी. उन्हाळी धानाला तलावाचं पाणी कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता घ्यायचं ते त्या यादीत होतं. सभासद चोवीस. सोमवार ते शनिवार, रोज चौघे, प्रत्येकी तीन तास. दरवर्षी हनुमानाच्या देवळात सगळ्यांसमोर चिठ्ठ्या निघायच्या, चंद्रकुमार लिहून घ्यायचे, संगणकात चढवायचे आणि हाताने लिहिलेला कागद फाडून टाकायचे. "दोन याद्या म्हणजे दोन भांडणं," असं ते म्हणत. पूर्वी तलावाच्या तुडुमावर, म्हणजे जिथून पाणी सोडतात तिथे, पाळीवरून काठ्या निघत. चंद्रकुमार सचिव झाल्यापासून अकरा वर्षांत एकही काठी निघाली नव्हती. निघाली तर त्याच दिवशी राजीनामा देईन, असं त्यांनी इतिवृत्तात लिहून ठेवलं होतं.

पण पेन ड्राइव्ह कुणाच्या हाती लागला आणि पाळ्या बदलल्या तर? उपाय त्यांना देवळातच सापडला. देवळाच्या दानपेटीला तीन कुलपं आहेत आणि किल्ल्या तिघांकडे. बावीस वर्षांत पेटीबद्दल कुणाला शंका आली नव्हती. म्हणून पेन ड्राइव्हचा पासवर्डही तिघांचा ठरला. अध्यक्ष यादोराव, ज्येष्ठ सभासद ललिताबाई आणि तुडुमावरचा चौकीदार तुलाराम यांनी प्रत्येकी चार अक्षरं किंवा आकडे आपल्या मनाने टाकायचे. कुणी कुणाला सांगायचे नाहीत. तिघं एकत्र जमल्याशिवाय उघडायचं नाही. तसा ठरावही झाला.

तिघांचं टाकून झालं, तर संगणकाने तोच पासवर्ड पुन्हा एकदा मागितला.

"आता काहून?" यादोराव भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाले.

"खात्री करून राहिला," चंद्रकुमार म्हणाले.

"याचा आपल्यावर विश्वास नाही काय जी?"

"आपला तरी कुठं आहे एकमेकांवर," ललिताबाई म्हणाल्या. "बसा, फिरवा तोंड."

सगळं दुसऱ्यांदा झालं. मग चंद्रकुमारांनी आणखी एक खबरदारी घेतली, ती मात्र कुणी सांगितली नव्हती. घरावरचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरायचे असले की आधी धान्य बाहेर काढून शेजारी नेऊन ठेवतात. वरून काय पडेल याचा नेम नसतो. संगणकाचं छप्परच बदलायचं होतं. म्हणून त्यांनी यादी पेन ड्राइव्हवर घेतली आणि संगणकातून काढून टाकली.

शनिवारी नवी प्रणाली बसली. एक तास चाळीस मिनिटं लागली. काहीही बिघडलं नाही. संगणक सुरू करायला करून ठेवलेल्या दुसऱ्या पेन ड्राइव्हची गरजच पडली नाही. सात वर्षांपूर्वीचे गाळ काढतानाचे फोटो जागेवर होते. तहसीलदारांना लिहायला घेतलेलं आणि अर्धवट सोडलेलं पत्रसुद्धा होतं. नव्हती ती फक्त चंद्रकुमारांनी काढून ठेवलेली यादी.

सोमवारी सकाळी सहाला तुडूम उघडायचं होतं. रविवारी नऊ वाजता चंद्रकुमार यादी छापायला बसले. पेन ड्राइव्हने पासवर्ड मागितला. यादोराव समोरच राहतात, ते लगेच आले आणि आपली चार अक्षरं टाकायला तयार झाले. मग चंद्रकुमार ललिताबाईंकडे गेले. त्या अंगणात धान वाळवत होत्या.

"काकू, तुमचे चार आकडे सांगा."

"तिघं जमले काय?"

"तुलारामभाऊ नाकाडोंगरीले गेले, पोरीकडे. दुपारच्या गाडीनं येतात."

"मंग दुपारी."

"अजी काकू, मी सचिव आहो."

"म्हणून तं. ठराव तुम्हीच लिवला. 'सचिवांनाही सांगू नये,' हे पण लिवलं. वाचून दाखवलं तेव्हा मी जागीच होती."

चंद्रकुमारांना ठराव आठवला. अक्षर त्यांचंच होतं. त्यांनी मेघाला फोन लावला.

"बाबा, तुम्ही कॉपी केली की उचलून नेली?"

"उचलून नेली."

"काहून पण?"

"कवेलू फेरताना धान घरात ठेवतात काय?"

मेघा म्हणाली, "पासवर्ड मिळाला तर ठीक. नाही मिळाला तर माझ्यानेही नाही उघडणार, बाबा. उघडता येऊ नये म्हणूनच असते ते."

दुपारी अडीचला तुलाराम पिशवी घेऊन थेट कार्यालयात आला. यादोरावांनी चार अक्षरं टाकली. ललिताबाईंनी टाकली. तुलाराम संगणकासमोर बसला आणि त्याने आधी आपला डावा तळहात पाहिला. मग उजवा पाहिला.

"काय झालं?" चंद्रकुमारांनी विचारलं.

"पुसला ना जी. हातावर लिवला होता."

"आठवत नाही?"

"मी कायले आठवू? आकडा पक्क्या जागी हाय. तुडुमाच्या तिसऱ्या पायरीवर कोरला हाय कोण्या मोजणीवाल्यानं. मी तोच टाकला. कागद हरपते, दगड हरपत नाही. चला, पाहून येऊ."

हे ऐकून चंद्रकुमारांना बरं वाटलं. इतका टिकाऊ विचार आपल्याला सुचला नाही याचं थोडं वाईटही वाटलं. चौघे तलावाच्या पाळीवर, म्हणजे काठाच्या बांधावर, गेले. तुडुमाच्या उंच उंच पायऱ्या खाली पाण्यात उतरत होत्या. पहिली पायरी दिसत होती. दुसरी अर्धी दिसत होती.

"गुरुवारी उघडी होती," तुलाराम म्हणाला.

शुक्रवारी कालव्याचं पाणी तलावात आलं होतं. महिनाभर सगळं गाव त्या पाण्याची वाट पाहत होतं, आणि आनंदाच्या भरात चंद्रकुमारांनी स्वतः कालव्यावर नारळ फोडला होता. तिसरी पायरी आता दोन हात पाण्याखाली होती.

पाळीवर मासे धरत बसलेला कवडू, तोही सभासदच, सदरा काढून पाण्यात उतरला. तीनदा बुडी मारून वर आला.

"बोटाले काहीतरी लागून राहिलं. पण आठ हाय का शून्य हाय, समजून नाही राहिलं."

"नाही समजणार," तुलाराम म्हणाला. "पार झिजला हाय तो. दगड कोरडा लागते, वरून चुना घासा लागते, तवा दिसते. मी गुरुवारी तसाच वाचला." आणि त्याने खिशातली तंबाखूची चुनाळी काढून दाखवली.

चंद्रकुमारांनी परिस्थिती मोजून मांडली. यादी पाहायची तर आकडा हवा. आकडा पाहायचा तर तलाव दोन हात उतरायला हवा. तलाव उतरवायचा तर पाणी सोडायला हवं. पाणी सोडायचं तर यादी हवी.

"म्हणजे आता?" यादोरावांनी विचारलं.

"आता राजीनामा," चंद्रकुमार म्हणाले.

"राजीनामा उद्या द्या. आधी लोकं बोलवा," ललिताबाई म्हणाल्या.

सोमवारी सकाळी साडेपाचला चोवीसही सभासद पाळीवर जमले. काहींच्या हातात फावडी होती, काहींच्या काठ्या. काठ्या म्हशींसाठी आणल्या होत्या की कशासाठी, हे चंद्रकुमारांनी विचारलं नाही. त्यांनी झालेला प्रकार न लपवता सांगितला.

"बरं मंग," कवडू म्हणाला, "पयली पाळी यादोरावजीची. उघडा."

"तुले कसं माहीत?" चंद्रकुमारांनी विचारलं.

"चिठ्ठी निघाली तवा होतो ना जी मी देवळात. यादोरावजीच्या मांगं मोतीलाल. मोतीलालच्या मांगं दुर्गाबाई."

"दुर्गाबाईच्या मांगं मी," अंकुश म्हणाला.

मग एकाने आपल्या पुढचं नाव सांगायचं, त्याने त्याच्या पुढचं, असं सुरू झालं. ज्याच्याकडून पाणी घ्यायचं आणि ज्याला द्यायचं, ती दोन नावं प्रत्येकाला पाठ होती. बांधी, म्हणजे धानाचं खाचर, सुकत असताना शेजाऱ्याचे तीन तास कधी संपतात हे कुणी विसरत नाही. सात मिनिटांत सोमवार पूर्ण झाला आणि मंगळवारचे तिघे लागले. तिसरा कवडू होता.

"माया मांगं तुम्ही, भाऊ," कवडू चंद्रकुमारांना म्हणाला. "मंगळवार, तीन ते सहा."

"मी? नाही. माझी शनिवारची. शेवटची."

"शनिवारची शेवटची मायी हाय," ललिताबाई म्हणाल्या.

"काकू, मला चांगलं आठवते."

"ते मांगच्या साली. औंदा तुमची मंगळवारची. चिठ्ठी वाचली तवा तुम्ही मान खाली घालून लिवून राहिले होते."

चंद्रकुमार थांबले. तेवीस माणसं एक बोलत होती आणि ते एकटे दुसरं. पण सचिवाने दुसऱ्याच्या पाळीचं पाणी घेतलं, असं उद्या यादीतून निघालं तर अकरा वर्षं पाण्यात जातील. ते म्हणाले, "यादी उघडली की समजेल. तोपर्यंत मी मंगळवारी पाणी घेणार नाही. नियम तो नियम."

"आन् रोवणा? धान रोवून सहाच दिवस झाले ना?" ललिताबाईंनी विचारलं.

"रोवणा थांबेल."

बाकीच्या दिवसांची नावंही तशीच लागली आणि सहाला तुडूम उघडलं. मंगळवारी दुपारी तीन वाजता कवडूने बांधावरून हाक मारली, "भाऊ, वळवू काय तुमच्या बांधीत?"

"माझी पाळी शनिवारची," चंद्रकुमार म्हणाले.

कवडूने खांदे उडवले. तुलारामने तुडूम तीन तास आधीच बंद केलं. चंद्रकुमारांच्या बांधीतलं उरलंसुरलं पाणी त्या दिवशी आटलं. बुधवारी चिखल घट्ट झाला, गुरुवारी त्याला बारीक भेगा पडल्या. चंद्रकुमार रोज सकाळी बांधावर उभे राहून पाहत, आणि मग तलावावर जाऊन पायऱ्या पाहत.

तलाव दिवसाला अर्धा हात उतरत होता. या हिशोबाने गुरुवारी संध्याकाळी तिसरी पायरी उघडी पडायला हवी होती. सहा वाजता तुडूम बंद झालं तेव्हा तिच्यावर तीन बोटं पाणी होतं.

"तीन बोटं कुठून आली?" चंद्रकुमारांनी विचारलं.

तुलारामने डोकं खाजवलं. "मंगळवारची तुमची पाळी सोडलीच नाही ना जी."

शुक्रवारी दुपारपर्यंत पायरी कोरडी झाली. तुलारामने चुना घासला, या वेळी कागदावर आकडा उतरवला आणि कागद छातीशी धरून कार्यालयात आला. तिघं जमले, दोघं भिंतीकडे वळले, आणि पेन ड्राइव्ह पहिल्याच प्रयत्नात उघडला.

चंद्रकुमारांनी यादी वरून खाली वाचली. लोकांनी तलावाच्या पाळीवर सांगितलेल्या क्रमात एकाही नावाचा फरक नव्हता. मंगळवार, तीन ते सहा: चंद्रकुमार. शनिवार, तीन ते सहा: ललिताबाई. गावात पाळी चुकीची लक्षात ठेवणारा माणूस एकच निघाला, आणि यादी त्याच्या ताब्यात होती.

"निघाली काय शनिवारची?" ललिताबाईंनी भिंतीकडे पाहतच विचारलं.

"मंगळवारची."

"हं."

यादोराव खोकले. तुलारामने कागदाची घडी करून खिशात ठेवली. पुढचा मंगळवार चार दिवसांवर होता आणि रोवणा तितके दिवस थांबणार नव्हता, हे चौघांनाही माहीत होतं. चंद्रकुमारांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"काकू," ते म्हणाले, "उद्याच्या तुमच्या पाळीतला एक तास मिळेल काय? मंगळवारी माझ्या पाळीतून परत करतो."

ललिताबाई आता वळल्या. "तिघं जमले काय?"

चंद्रकुमारांनी यादोरावांकडे पाहिलं, मग तुलारामकडे. "जमले."

"मंग घ्या. पाच ते सहा. तुलाराम, ऐकलं ना? यादोरावजी, तुम्ही पण."

दोघांनी माना डोलावल्या. चंद्रकुमारांनी सवयीने इतिवृत्ताची वही ओढली, तारीख टाकली आणि पेनाचं टोपण काढलं.

"ते नका लिवू," ललिताबाई म्हणाल्या. "आमच्या ध्यानात राहीन."