अकरातून अकरा गेली

"शाब्दिक उदाहरणं? माझ्या डाव्या हातचा मळ!" बाईंनी मुख्याध्यापिका मॅडमना ठणकावून सांगितलं होतं. वर्गात अकरा मुलं, सगळी परमुलखातून आलेली. आकडे तोंडपाठ, पण इथली भाषा जेमतेम! आज तपासणी होती. उदाहरणं सुटली नाहीत, तर वर्ग बंद आणि ही नऊ-नऊ वर्षांची घोडी थेट बालवर्गात!

बाईंची युक्ती झकास होती. उदाहरण नुसतं वाचायचं नाही, करायचं! "वाक्यात असेल तेवढंच करायचं. जास्तीचा शहाणपणा नको!"

बाईंनी फळ्यावर लिहिलं : अकरा मुलं होती. चार गेली. लगेच वर्गातली चौघं उठून बाहेर चालती झाली.

"उरली किती?"

"सात!"

आणखी तीन गेली. "चार!" बाई हरखल्या. त्या तोऱ्यातच शेवटची ओळही, पार बाहेर ऐकू जाईल अशी मोठ्यानं वाचत, लिहून टाकली : उरलेलीही गेली. बाईंना कोणीच सापडलं नाही.

"ही मॅडमसमोर करू हं! आधी त्या सातजणांना आणते," असं भरभर बोलून बाई बाहेर पडल्या.

"या रे बाळांनो!"

कोणी आलं नाही. भरदुपारी व्हरांडा चिडीचूप. एक दार हळूच मिटलं. वारा नसताना खुंटीवरचा कोट हलत होता. बाईंनी वाकून पाहिलं. खाली पाय नव्हते! बाईंची बोबडीच वळली.

धावत वर्गात आल्या, तर तिथेही कोणी नाही! अकरा खुर्च्या नीट आत सारलेल्या. फळ्यावर, शेवटच्या ओळीखाली, वेड्यावाकड्या अक्षरात शून्य. बाईंना रडूच फुटलं.

दारात मॅडम! "मुलं कुठायत?"

"गेली."

"कुठे?"

"अहो, उदाहरणात!"

मॅडमनी फळा वाचला आणि बाहेर तोंड काढून खणखणीत आवाज दिला, "अकराही मुलं परत आली!"

वर्गातलं कपाट करकरलं. जिन्याखालून, कोटांमागच्या बाकावरून, एकेक करत मुलं येऊन रांगेत उभी राहिली. मॅडमनी सगळ्यात धाकटीला विचारलं, "अकरातून अकरा गेली. वर्गात उरलं किती?"

"एक."

बाईंनी डोळे मिटले. संपलं सगळं!

"एक कसं गं?"

"बाई उरल्या. मी कपाटातून पाहिलं. बाई रडत होत्या."

मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "इतकं बोलणारं पोर बालवर्गात घालून मी काय करू? वर्ग चालू राहील." त्यांनी कागदावर लिहिलं : मुलं उत्तीर्ण.

"आणि मी?" बाईंनी चाचरत विचारलं.

"तुम्ही आधी नाक पुसा!"