समोरच्यानं रिव्हर्स घ्यावा

वाहन चालवायला तीन गोष्टी लागतात: वाहन, रस्ता आणि ओळख. यांतली तिसरी भक्कम असेल तर दुसरीवाचूनही भागतं, हे शहरातल्या कुठल्याही फुटपाथवर उभं राहिलं की कळतं. परवाना, म्हणजे बोलीभाषेत लायसन, ही चौथी गोष्ट. ज्याच्याकडे तिसरी नाही, त्यानं ती बाळगायची असते.

कायद्याचं मत किंचित वेगळं आहे. कायदा म्हणतो, लायसन नसताना गाडी चालवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार दंड, किंवा दोन्ही. अशा माणसाच्या हाती ज्यानं किल्ली दिली, तोही गुन्हेगार. अपघात झालाच, तर विमा कंपनी जखमी माणसाला भरपाई देऊन तीच रक्कम वसूल करायला मालकाच्या दारात उभी राहू शकते. हे सगळं वाचलं की माणूस किल्ली खाली ठेवतो. म्हणून समंजस माणसं ते वाचत नाहीत.

काकासाहेब समंजस होते. कन्नडला बियाणं-खतांचं दुकान, सिडकोत बंगला आणि दारात पांढरी, उंच गाडी. गाडीच्या मागच्या काचेवर भगव्या अक्षरांत नुसतंच 'भावी' असं लिहिलेलं होतं. भावी काय, ते पक्षाकडून कळायचं होतं. (पक्षही ठरायचा होता.) घरात गाडी चालवणारे दोघं, काकासाहेब आणि त्यांचा एकुलता एक मुलगा इंद्रजीत. लायसन दोघांकडेही नव्हतं. त्या घरात बाप-लेकात भेदभाव करायची पद्धतच नव्हती. इंद्रजीत सातवीत असताना वडिलांच्या मांडीवर बसून स्टिअरिंग धरायला शिकला. पुढे वडिलांनी मांडी काढून घेतली, एवढंच काय ते प्रशिक्षण.

अशा या घराला एका रविवारी खुलताबादचं स्थळ बघायला जायचं होतं. मुलगी, संस्कृती, सहायक मोटार वाहन निरीक्षक म्हणून निवडली जाऊन परजिल्ह्यात रुजू झाली होती. एवढं लांब पदनाव घ्यायला वेळ कोणाला? अख्खा तालुका म्हणत होता, "तात्यासाहेबांची पोरगी आरटीओ लागली." काकासाहेबांनी स्थळ ऐकलं आणि मुलीचा फोटोसुद्धा न बघता होकार कळवला. घरातच पिठाची गिरणी आल्यावर डबा घेऊन रांगेत कोण उभं राहतं? लायसन काढायचं नसतं, ते सून करून घरात आणायचं असतं, असा विचार त्यांच्याआधी राज्यात कोणी केल्याचं ऐकिवात नाही.

इंद्रजीतच्या हाती स्टिअरिंग देऊन निघाले, तर क्रांती चौकात हवालदारानं हात केला.

इथं काकासाहेबांची कार्यपद्धती नमूद करणं आवश्यक आहे. काच अर्धीच खाली करायची (पूर्ण केली तर गुन्हा कबूल केल्यासारखं दिसतं). हवालदाराकडे दुःखानं बघायचं आणि "ओळखलं नाय का?" असं विचारायचं. तो नाही म्हणाला की फोन लावून त्याच्या कानाशी धरायचा. त्या दिवशी पलीकडे कोणा एका भाऊंचे स्वीय सहायक होते. ते दोनच शब्द बोलले: "आपला माणूस." सिग्नल लाल होता तरी हवालदारानं गाडी पुढं काढून दिली. न्यायालयांत खटले वर्षानुवर्षं तुंबतात अशी ओरड करणाऱ्यांनी एकदा क्रांती चौकात येऊन उभं राहावं.

दौलताबादच्या जुन्या दरवाजात समोरून एसटी आली. त्या दरवाजातून एका वेळी एकच गाडी जाते. कोणी तरी मागं सरकावं लागतं. इंद्रजीतनं हॉर्नवर तळहात ठेवला तो उचललाच नाही.

"अहो," मागच्या सीटवरून काकासाहेबांच्या पत्नी मनकर्णाबाई म्हणाल्या, "त्या गाडीत बायाबापड्या हायेत, लेकरं हायेत. आपणच घ्या की जरा मागं."

"सोयरीक बघायला चाललोय," काकासाहेब म्हणाले. "मागं गेलं की अपशकुन."

एसटी भरल्या प्रवाशांसह मागं गेली. खरी गोष्ट अशी होती, की इंद्रजीतनं आयुष्यात कधी गाडी रिव्हर्स घेतलीच नव्हती. त्याच्या समजुतीप्रमाणे रिव्हर्स हा गिअर समोरच्याच्या गाडीत असतो.

तात्यासाहेबांचं घर अरुंद गल्लीच्या टोकाला. गाडी नाकासमोर सरळ अंगणात शिरली आणि पिंपाला टेकून थांबली. बैठकीत बसल्याबरोबर काकासाहेबांनी इंद्रजीतकडून किल्ली घेऊन पोह्यांच्या बशीशेजारी, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. (आमच्याकडे मुलाचा पगार विचारत नाहीत; किल्लीचा आकार बघतात.) गप्पा झाल्या, पाऊसपाणी झालं, मग तात्यासाहेब म्हणाले, "पोरी, तुला काही विचारायचं असलं तर विचार बाई."

संस्कृतीनं इंद्रजीतकडे बघितलं. "लायसन आहे का?"

इंद्रजीतनं तोंड उघडलं होतं, पण अशा वेळी उत्तर वडिलांनी द्यायचं असतं.

"हाय की!" काकासाहेब खुलले. "बियाण्याचं हाय, खताचं हाय, औषधाचं बी हाय. तिन्ही भिंतीला टांगलेलेत काचेत. सध्या माझ्या नावावर हायेत, पण शेवटी सगळं त्याचंच."

"गाडीचं विचारतेय, काका."

"गाडी तर बाहेर हाय ना!"

"चालवत कोणी आणली?"

"इंद्रजीतनं. एका हातानं. दुसऱ्या हातात फोन असतो त्याच्या, लई कामं असतात पोराला."

बैठकीत कोणी तरी चहा गिळल्याचा आवाज आला. संस्कृतीनं शांतपणे विचारलं, "मग परत कोण नेणार?"

हा प्रश्न काकासाहेबांना कळायलाच वेळ लागला. आजवर त्यांना लोकांनी पुष्कळ प्रश्न विचारले होते, पण त्यांत उत्तर अपेक्षित नसायचं. तेवढ्यात संस्कृतीनं बशीशेजारची किल्ली उचलून देवघराच्या कोनाड्यात नेऊन ठेवली.

"लायसन नसलेल्याच्या हाती किल्ली देणं हाही गुन्हा आहे," ती म्हणाली. "किल्ली आता आमच्या घरात आहे. माझ्या हातून ती देववणार नाही. इंद्रजीतनी लायसन काढावं, स्वतः टेस्ट देऊन, कोणाला फोन न लावता. मग गाडी घेऊन जा. आणि माझं उत्तरही तेव्हाच घेऊन जा."

हुंड्यात गाडी दिल्याची उदाहरणं काकासाहेबांना पाठ होती. मुलीकडच्यांनी मुलाची गाडी ठेवून घेतल्याचं हे पहिलंच. तिघंही चालत बसस्टँडवर आले. इंद्रजीत वाटेत तीनतीनदा मागं वळून बघत होता. गाडीकडे बघतोय, असं काकासाहेबांना वाटलं.

दौलताबादच्या दरवाजात त्यांच्या एसटीला समोरून एक पांढरी, उंच गाडी आडवी आली. एसटी मागं गेली. काकासाहेब खिडकीतून डोकं काढून ओरडले, "माजलेत साले!"

दुसऱ्या दिवशी काकासाहेब शफीकभाईंच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हजर झाले. शफीकभाई ही शहरातली जुनी संस्था. अर्ध्या शहराची लायसनं त्यांच्या हातून निघालेली. जुन्या काळी त्यांच्याकडे दोन सेवा होत्या, लायसन काढून देणं आणि गाडी शिकवणं. पहिलीला गर्दी असे. गिऱ्हाईक शेजारी बसायचं, मैदानात गाडी शफीकभाईच चालवायचे आणि पास गिऱ्हाईक व्हायचं. दुसऱ्या सेवेसाठी घेतलेली, दोन ब्रेकवाली गाडी इतकी वर्षं होऊनही शोरूममधून आत्ताच आणल्यासारखी दिसत होती.

"शफीकभाई, उद्या लायसन पायजे."

"काकासाब, पहिले लर्निंग निकालो. फिर महिनाभर रुकना पडता. फिर मैदान में टेस्ट."

"माणूस कोण हाय ते तर बघ!"

"माणूस देखकेच तो चाय मंगाया," शफीकभाई म्हणाले. "मगर अब्बी वहां कॅमेरे लग गये ना. कॅमेरा माणूस नै देखता, बस चाक देखता."

शिकाऊ लायसनची परीक्षा घरबसल्या, संगणकावर. तिथं मात्र काकासाहेबांनी कसूर ठेवली नाही. कॅमेऱ्यासमोर इंद्रजीत आणि कॅमेऱ्याआड अख्खं घर बसलं. 'मागून रुग्णवाहिका आल्यास काय कराल?' या प्रश्नावर आवाज न करता हात वर करून मतदान झालं. वाट देण्याच्या बाजूनं एकट्या मनकर्णाबाई. 'तिच्या पुढं वेगानं जाणे' हा पर्याय प्रचंड बहुमतानं मंजूर झाला आणि इंद्रजीत नापास झाला. लोकशाहीत असं व्हायचंच. पुढच्या वेळी तो एकटा बसला आणि पास झाला. ही गोष्ट घरात कोणाला फारशी आवडली नाही.

त्याहून वाईट पुढंच होतं. इंद्रजीत रोज सकाळी जिमला जातो, असं काकासाहेबांना वाटत होतं. एके दिवशी मोकळ्या मैदानाशेजारून रिक्षानं जाताना त्यांना शफीकभाईंची ती नवीकोरी जुनी गाडी दिसली. मागं 'एल' लावलेला. ती हळूहळू, थांबत, चाचरत मागं सरकत होती. आत इंद्रजीत मान वळवून बघत होता. काकासाहेबांनी रिक्षावाल्याला म्हटलं, "चल लवकर." ओळखीच्या कोणी बघितलं असतं तर?

घरी येऊन त्यांनी मनकर्णाबाईंना सांगितलं, "पोरगं शिकायला लागलंय."

"मग चांगलंच हाय की."

"कसलं चांगलं! आपल्या खानदानात कोणी मागं गेलंय का कधी?"

"म्हणून तर गाडी खुलताबादला हाय," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि भाजी निवडत राहिल्या.

टेस्टचा दिवस उजाडला. मैदानात इंग्रजी 'एस'सारखी वाकडीतिकडी वाट आखलेली आणि दोन्ही बाजूंना खांब. त्या वाटेनं गाडी रिव्हर्स घेत एकही खांब न पाडता बाहेर पडायचं. इंद्रजीत गाडीत बसला. एक वळण निघालं. दुसरं अर्ध्यावर आलं. शफीकभाईंनी कुंपणाशी उभं राहून डोळे मिटले, ओठ हलले.

आता काकासाहेबांचं चुकलं म्हणता येणार नाही. एकुलत्या एका मुलाच्या लग्नाचा प्रश्न नुसत्या मुलाच्या कर्तबगारीवर सोडून देण्याइतका बेजबाबदार बाप तो नव्हता. त्यांनी फोन लावला. भाऊंना नाही, स्वीय सहायकांना नाही. एवढी अक्कल त्यांना होती. त्यांनी थेट संस्कृतीला लावला. आरटीओच्या मैदानात आरटीओहून मोठी ओळख कोणती? मग कुंपणाची दोरी उचलून, फोन उंच धरून ते टेस्ट घेणाऱ्या निरीक्षकांकडे धावत सुटले. जवळची वाट 'एस'मधूनच जात होती.

"ओ साहेब! फोन घ्या! आमची सून हाय, तुमच्यातलीच!"

इंद्रजीतला आरशात वडील दिसले. मागं बघून गाडी चालवायला तो नुकताच शिकला होता, आणि मागं बघितलं म्हणूनच वडील वाचले. त्यानं करकचून ब्रेक मारला, स्टिअरिंग फिरलं, डावीकडचा खांब लवला आणि आडवा झाला.

निरीक्षकांनी आधी खांबाकडे बघितलं, मग फोन कानाला लावला. पलीकडचं ऐकलं. "बरं," म्हणाले आणि फोन परत दिला.

"काय म्हणाली सूनबाई?" काकासाहेबांनी धापा टाकत विचारलं.

"म्हणाल्या, या गृहस्थांशी माझी ओळख नाही."

चाळीस वर्षांच्या सार्वजनिक जीवनात हे वाक्य काकासाहेबांनी कधी ऐकलं नव्हतं. ते तिथंच पाडलेल्या खांबाशेजारी बसले.

"पोरगं चांगलं चालवत होतं," निरीक्षक म्हणाले. "मागं माणूस आला की थांबायचं, ते बरोबर केलं. पण खांब पडला. पुन्हा तारीख घ्या."

इंद्रजीत गाडीतून उतरला. वडिलांना हाताला धरून त्यानं उठवलं, झटकलं आणि एवढंच म्हणाला, "बापू, अर्धंच वळण राहिलं होतं."

त्यानं वडिलांना न सांगता पुन्हा तारीख घेतली आहे. मैदानात येताना कुणाला सोबत आणणार नाही, असंही त्यानं खुलताबादला स्वतः फोन करून कळवलं आहे. (तो फोन बराच वेळ चालला, असं मनकर्णाबाई सांगतात.) गाडी मात्र अजून तिथंच, पिंपाला टेकून उभी आहे. तात्यासाहेबांनी तिच्यावर ताडपत्री टाकली आहे आणि 'भावी' तिच्याखाली झाकलं गेलं आहे.

काकासाहेबांना घाई झाली आहे. पोरगा स्वतःच्या लायसनवर, कोणाच्याही ओळखीशिवाय गाडी घेऊन सिडकोत आला, तर चारचौघांत तोंड दाखवायला जागा उरणार नाही. त्याआधी गाडी आली पाहिजे. मुलीकडचे म्हणतात, उत्तर इंद्रजीतच्या लायसननंतरच, पण नुसत्या गाडीसाठी लायसन असलेला कुणीही पाठवा, किल्ली हजर आहे. अडचण एकच. अंगणात गाडी वळत नाही, गल्ली अरुंद आहे, शेवटपर्यंत रिव्हर्स घ्यावा लागतो, आणि संस्कृती सुट्टीवर आली आहे, ती ओट्यावर उभी राहून बघणार.

काकासाहेबांनी सगळे पाहुणे पालथे घातले. लायसनं ढीगभर निघाली. येतो म्हणणारा एक निघाला नाही. कुणाची कंबर धरली होती, कुणाकडे नेमका त्याच दिवशी साखरपुडा होता. शेवटी ते शफीकभाईंकडे गेले आणि लायसन असलेल्या एखाद्या सुशिक्षित, कायदा पाळणाऱ्या, वाचनाची आवड असलेल्या माणसाचं नाव त्यांनी मागितलं.

शफीकभाईंनी तुमचं नाव दिलं आहे.

दचकू नका. तुमचं लायसन अस्सल आहे, मुदतीतलं आहे, फोटोतही तुम्हीच आहात. इतका वेळ तुम्ही काकासाहेबांना हसलात, तेही योग्यच होतं. शफीकभाईंनी फक्त एक निरोप ठेवला आहे:

"साब, लायसन तो लेके गये. सीखने को कब आते?"