नऊ तेहेतीसचं इंजेक्शन

काकूंच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा काकांना पहिला संशय आला तो आदल्या दिवशी फोडलेल्या तेलाच्या डब्याचा. काकू खुर्चीत मागे टेकून, हात छातीवर धरून बसल्या होत्या आणि काका स्वयंपाकघरात चष्मा कपाळावर चढवून डब्यावरची तारीख वाचत होते.

"अहो, तो डबा राहू द्या," काकू म्हणाल्या. "मला दवाखान्यात न्या."

"नेतोच. पण तारखेवर तारीख चिकटवली आहे का, एवढंच बघतो."

काकांची एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून गेली होती. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, आतून पोकळ केलेली वजनं, बुडाला पोचा मारून उथळ केलेली मापं, हे सगळं त्यांनी स्वतःच्या हातांनी पकडलं होतं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी नजर काही निवृत्त झाली नव्हती. दुसऱ्याच्या घरी चहा घेतानासुद्धा ते कप जरा तिरका करून बुडाची जाडी बघत. बाकी माणूस सरळ होता, बायकोवर जीव होता. फक्त जग त्यांना एकाच प्रकारे दिसायचं: सगळे कुठे ना कुठे काटा मारतात, आपल्याला दिसेपर्यंत सुखात असतात.

चौकापलीकडच्या छोट्या हॉस्पिटलात काकूंना लगेच आत घेतलं. ड्युटीवरचा डॉक्टर तरुण होता, चटपटीत होता. त्याने ईसीजीची पट्टी काढली, दोनदा बघितली, मोठ्या हॉस्पिटलला फोन लावला आणि काकांना बाजूला घेतलं.

"हार्ट अटॅक आहे. इथे औषधं सुरू केलीत, पण बंद पडलेली नळी उघडायची सोय मोठ्या हॉस्पिटलात आहे. तिकडे तयारी चालू आहे, गाडी मागवलीय. जितक्या लवकर पोचाल तितकं चांगलं."

घाबरले की काका आधार म्हणून नेहमी जे करायचे तेच त्यांनी केलं, मनगटावरच्या घड्याळात बघितलं. तेवढ्यात सिस्टरने काकूंना रक्त पातळ करणारं इंजेक्शन दिलं. नऊ वाजून तेहेतीस मिनिटं झाली होती. डॉक्टरने भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वर करून कागदावर लिहिलं, नऊ चाळीस.

"तेहेतीस," काका म्हणाले.

"काय?"

"नऊ तेहेतीसला दिलंत. तुमचं भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे आहे."

"काका, सात मिनिटांनी काही बिघडत नाही."

हे वाक्य काकांच्या काळजात जाऊन बसलं. एवढ्यातेवढ्याने काही बिघडत नाही साहेब, हे ते एकतीस वर्षं रोज ऐकत आले होते, आणि म्हणणारा दर वेळी चोर निघाला होता.

त्याच वेळी हातात क्लिपबोर्ड घेतलेली एक बाई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तिशीची असेल. गळ्यात ओळखपत्र, पायात सपाट बूट, आवाज मऊ. आवाज मऊ असलेल्या माणसांबद्दल काकांचा अनुभव फारसा चांगला नव्हता.

"मी डॉक्टर आहे, पण इथली नाही. एक अभ्यास करतेय. तातडीच्या पेशंटला एका हॉस्पिटलातून दुसऱ्या हॉस्पिटलात नेताना वेळ नेमका कुठे जातो, त्याची नोंद ठेवते. तुमची संमती असेल तर काकूंची नोंद घेईन. उपचारांत काहीही फरक पडणार नाही."

"वेळ कुठे जातो ते तुम्हाला माहीत नाही?"

"पूर्ण माहीत नाही, म्हणून तर..."

"मग आत्तापर्यंत पेशंट कुणाच्या भरवशावर पाठवत होता?"

बाईंनी संमतीचा अर्ज पुढे केला. सहा पानी होता. काकांनी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.

"यात दोन गट असतील ना? मी वाचलंय पेपरात. एका गटाला लवकर पाठवायचं, दुसऱ्याला मुद्दाम उशिरा, आणि मग बघत बसायचं."

"नाही हो. सगळ्यांना लवकरच पाठवायचं."

"मग तुलना कशाशी करणार?"

प्रश्न बरा होता. बाई क्षणभर थांबल्या, आणि त्या थांबल्या हे काकांनी मनात लिहून ठेवलं. ते दुसऱ्या पानावर गेले. तिसऱ्या पानावर 'माहिती गोपनीय ठेवली जाईल' असं होतं. कुणापासून, ते दिलेलं नव्हतं. चौथ्या पानावर असताना पाठीमागच्या पलंगावरून आवाज आला.

"दे गं इकडे दुसरी प्रत. पेन आहे का?"

काका वळेपर्यंत काकूंनी सही करूनसुद्धा टाकली होती.

"अगं, मी वाचतोय ना. नातेवाईक मी आहे."

"आणि छाती माझी आहे," काकू म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

गाडी आली. अभ्यासवाल्या बाईंना पेशंटबरोबर गाडीत बसून नोंदी करायच्या होत्या. मागे गाडीबरोबर आलेली सिस्टर आणि आणखी एकच माणूस बसू शकत होता. काकांनी दारात पाय रोवला.

"बायको माझी आहे. मी बसणार. ह्यांना मोजायचं असेल तर बाहेरून मोजू द्या."

"चालेल," बाई म्हणाल्या. "मी स्कूटरने मागून येते."

इतकं पटकन मान्य केल्यामुळे काका आणखी अस्वस्थ झाले. काकूंना वर चढवण्याची धांदल चालू होती आणि फाईल स्ट्रेचरच्या पायथ्याशी पडली होती. सगळ्यात वर तोच कागद होता, औषधांचा. नऊ चाळीस. काकांना राहवेना. हा खोटा आकडा आता एका हॉस्पिटलातून दुसऱ्यात जाणार, तिथून त्या क्लिपबोर्डवर जाणार, आणि एकदा छापला गेला की खरा होणार. मोठ्या हॉस्पिटलात कुणीतरी जबाबदार माणूस भेटेल, त्याच्यासमोर दुरुस्त करून घेऊ, तोपर्यंत पुरावा आपल्या ताब्यात असलेला बरा. त्यांनी कागद काढला, नीट चौघडी घातली आणि हातातल्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवून चेन ओढली.

गाडी निघाली. दोन मिनिटांत काकांनी पुढच्या काचेवर टकटक केली.

"डावीकडे का वळलात? सरळ रस्ता जवळचा आहे."

"सरळ रस्ता खोदलाय, काका," ड्रायव्हर म्हणाला.

काकांनी मागच्या काचेतून वाकून बघितलं. रस्ता खरंच खोदलेला होता. नेमका आजच का खोदला, असा प्रश्न त्यांच्या तोंडावर आला होता, तेवढ्यात काकूंनी त्यांचं बोट धरलं. हात गार होता.

"अहो, एकदा तरी कुणावर तरी विश्वास ठेवून बघा."

"ठेवतो की. तुझ्यावर ठेवतो."

"परवा मी आणलेलं दूध मोजून बघितलंत."

"तो संशय दूधवाल्यावर होता."

काकू हसल्या, आणि हसताना दुखलं म्हणून थांबल्या. त्यानंतर काकांनी काचेवर टकटक केली नाही. बोटही सोडवून घेतलं नाही.

मोठ्या हॉस्पिटलच्या दारात गाडी लागली तेव्हा दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. चार माणसं वाटच बघत होती. स्ट्रेचर उतरलं, काचेचं दार उघडलं, सिस्टर फाईल घेऊन मागे धावली, दार बंद झालं आणि काका बाहेर राहिले. दारावर वॉचमन होता. वयाने काकांएवढाच, मिशा काकांपेक्षा मोठ्या.

"पास?"

"आत्ता गेली ती माझी बायको आहे."

"सगळे असंच म्हणतात. पेशंटचं नाव सांगा, पास लिहून देतो."

त्याच्या हातात रजिस्टर, आणि रजिस्टरवर ना शिक्का ना पानांना क्रमांक. असल्या वहीत बायकोचं नाव घालायचं, हे काकांच्या तत्त्वात बसेना.

"नाव तुम्हाला कशाला पाहिजे? ह्या वहीतली माहिती पुढे कुठे जाते?"

वॉचमनने वही मिटली आणि काकांकडे आपादमस्तक बघितलं. नाव सांगायला कचरणारा माणूस त्यानेही पुष्कळ वर्षांत बघितला नव्हता.

"बॅगेत काय आहे?"

"खासगी आहे."

"उघडून दाखवा."

"आधी तुमचं ओळखपत्र दाखवा. फोटो पुसट दिसतोय."

"फोटो पुसट असला तरी माणूस मीच आहे."

"कशावरून?"

दोघं एकमेकांच्या तोलाचे होते. आयुष्यात पहिल्यांदाच काकांना आपल्यासारखा माणूस भेटला होता, आणि तो त्यांना अजिबात आवडला नाही. वॉचमनने दुसऱ्या वॉचमनला बोलावलं. काकांनी त्याचंही ओळखपत्र मागितलं. मागे दोनचार माणसं जमली. कुणी म्हणालं, नाव सांगून टाका ना. काका म्हणाले, प्रश्न नावाचा नाही, पद्धतीचा आहे.

पद्धतीवर बोलणं रंगात आलेलं असताना काचेचं दार उघडलं आणि आतली नर्स बाहेर आली. तिच्यामागे गाडीबरोबर आलेली सिस्टर होती, रडवेली झालेली.

"कागद फाईलमध्ये होता," सिस्टर म्हणत होती. "मी स्वतः बघितला, सगळ्यात वर होता."

"मग गेला कुठे? रक्त पातळ करायचं इंजेक्शन किती दिलंय, कधी दिलंय, काहीच माहीत नाही. तिकडचे डॉक्टर दुसऱ्या पेशंटमध्ये अडकलेत, फोन उचलत नाहीत. न विचारता पुन्हा दिलं आणि जास्त झालं तर? सगळे आत थांबलेत तुझ्या एका कागदासाठी."

काका विजयी मुद्रेने वॉचमनकडे वळले.

"ऐकलंत? कागद हरवतात हे लोक. मी सकाळपासून..."

त्यांचा हात आपसूक बॅगेवर गेला होता. चेन ओढताना ती दोनदा अडकली. चौघडी उलगडायचंही सुचेना, तसाच कागद त्यांनी नर्सच्या हातात दिला. तिने तो बघितला, काकांकडे बघितलंसुद्धा नाही, आणि ती पळाली.

"वेळ नऊ तेहेतीस आहे," काका तिच्या पाठीमागे म्हणाले. "चाळीस नाही." पण दार तोवर बंद झालं होतं.

त्यांनी घड्याळात बघितलं. दहा चोवीस.

सिस्टर अजून तिथेच उभी होती. आपल्या हातून पडला असेल आणि ह्या काकांना सापडला असेल, असं तिने आपल्या मनाशी जुळवून घेतलं होतं.

"बरं झालं तुम्ही उचललात," ती म्हणाली आणि डोळे पुसत गाडीकडे गेली.

काकांना तिला हाक मारायची होती. त्यांनी मारली नाही. ते वॉचमनपाशी गेले आणि बायकोचं नाव, स्वतःचं नाव, पत्ता, सगळं न विचारता सांगून टाकलं. वॉचमनने पास फाडून दिला. बॅग बघायला मागितली नाही.

आतल्या बाकावर ते किती वेळ बसले होते ते त्यांना सांगता आलं असतं, पण कुणी विचारलं नाही. अभ्यासवाल्या बाई स्कूटर लावून आल्या, आत जाऊन नर्सला काहीतरी विचारून आल्या, कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या. आता विचारणार, म्हणून काकांनी अंग आवळून घेतलं.

"पाणी घेता का?" बाईंनी एवढंच विचारलं.

त्यांनी बाटली घेतली आणि झाकणाचं सील न बघता पाणी प्यायले.

अकराला पाच मिनिटं कमी असताना डॉक्टर बाहेर आले. नळी उघडली होती. काकूंनी आत पहिला प्रश्न विचारला तो असा, की बाहेर आमच्या ह्यांनी कुणाशी भांडण तर काढलं नाही ना.

महिन्याने काकू घरात हिंडूफिरू लागल्या. एका दुपारी फोन आला. काकूंनी तो टेबलावर ठेवून स्पीकर लावला. काका समोरच बसले होते.

"काकू, अभ्यासासाठी एक शेवटची गोष्ट हवी होती," अभ्यासवाल्या बाई म्हणाल्या. "तुमच्या नोंदीत तिकडे पोचल्यावर बराच वेळ गेलेला दिसतो. औषधांचा कागद उशिरा मिळाला, एवढंच लिहिलंय. कारणाची जागा रिकामी आहे. तुम्हाला काही आठवतं का?"

काकूंना सगळं माहीत होतं. काकांनी चौथ्या दिवशीच कबुली दिली होती, भिंतीकडे बघत. काकूंनी एकदा नवऱ्याकडे बघितलं आणि त्या फोनकडे वाकल्या.

"गडबडच इतकी होती बाई. कागद सापडत नव्हता, असं लिही."

"बरं. 'कागद सापडत नव्हता.' म्हणजे बहुतेक गाडीतल्या सिस्टरकडून..."

"थांबा," काका म्हणाले. त्यांनी फोन स्वतःकडे ओढला. "सिस्टरचं नाव घालू नका. कागद हरवलाच नव्हता. तो माझ्या बॅगेत होता. फाईलमधून मी काढला होता, कुणाला न सांगता."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. काकू नवऱ्याकडे बघत राहिल्या.

"लिहिलं, काका," बाई हळूच म्हणाल्या. "नाव कुठेही येणार नाही. नातेवाईकांमुळे झालेला उशीर, सतरा मिनिटं."

"एकोणीस," काका म्हणाले. "दहा पाचला पोचलो, दहा चोवीसला कागद दिला."

"आमच्याकडे सतरा आहेत."

काकांनी चष्मा सारखा केला. आवाजाला पुन्हा जुनी धार आली.

"दोन मिनिटं कमी का दाखवताय? कुणाला पाठीशी घालताय तुम्ही?"