चुकीच्या विहीणबाईंना दाखवलेलं लिस्बन

पाहुण्यांना लिस्बन दाखवावं ते आपणच, याबद्दल आदेलिनो रेबोशो यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तेजू नदीवर चाळीस वर्षं फेरीबोट चालवलेला माणूस! दिवसातून वीस वेळा हे शहर त्यांच्या समोर यायचं. वर किल्ला, खाली कॅथेड्रलचे जुळे बुरुज, सगळं काचेच्या कपाटात मांडल्यासारखं.

"ते पाण्यावरून पाहिलंत," त्यांची बायको झुल्मिरा म्हणाली. "आत कधी गेलायत का?"

"आत काय वेगळं असणार?"

"अहो, आपल्या बेनेदिताच्या होणाऱ्या सासूबाई येतायत. राजधानीची माणसं नुसती तोंडाची, असं त्या आधीच म्हणून बसल्यात. माणसं बघून मगच लग्नाचं बोलू म्हणाल्यात. स्टेशनवरून सरळ घरी आणा. एक वाजता जेवण."

"एक वाजेपर्यंत अर्धं शहर दाखवून आणतो," आदेलिनो म्हणाले. लेकीनं रात्री लिहून दिलेला माहितीचा कागद त्यांनी खिशात घातला, कारण सनावळ्या मात्र पाण्यावरून दिसत नाहीत.

विहीणबाईंचं नाव दोना फेलिस्मिना. येणार कोविल्याच्या सकाळच्या गाडीनं, अंगात करडा कोट, हातात टोपली. गाडी लागली आणि करड्या कोटातल्या एक ठेंगण्या बाई टोपली घेऊन अगदी जपून उतरल्या.

"दोना फेलिस्मिना?" आदेलिनोंनी विचारलं. नेमकी त्याच वेळी भोंग्यावर कुठल्यातरी गाडीची घोषणा सुरू झाली.

"हो हो, मीच," बाईंनी गाल पुढे केला. "फार वेळ ताटकळलात का?"

दोन्ही गालांना गाल लावून झाले, आदेलिनोंनी टोपली घेतली आणि दोघं कॅथेड्रलचा चढ चढू लागले. वर पोचेपर्यंत आदेलिनोंच्या छातीचा भाता झाला होता. समोर देऊळ दिसलं तसे ते आत शिरले, फोनचा आवाज बंद केला आणि कागद काढून हळू आवाजात म्हणाले, "हे आमचं कॅथेड्रल. बाराव्या शतकातलं. बाहेरचे दोन बुरुज पाहिलेतच तुम्ही."

"मला नाही नीट दिसले," बाई म्हणाल्या.

मेणबत्त्यांचं मेण खरवडणारी एक बाई मान वर न करता म्हणाली, "साहेब, हे संत अंतोनियोचं चर्च. कॅथेड्रल तिकडे, दहा पावलांवर."

"तेच सांगतोय," आदेलिनो म्हणाले. "आधी इथं यायचं असतं. संत अंतोनियो लग्नं जुळवतो." आणि मग त्यांना खरंच सुचलं. त्यांनी दोन मेणबत्त्या लावल्या. "एक तुमच्याकडून, एक आमच्याकडून. आमचा होकार आहेच. तुम्ही काय ते सावकाश ठरवा."

बाईंनी घाईघाईनं छातीवर क्रूसाची खूण केली. कॅथेड्रल बघून होईपर्यंत आणखी दोनदा केली. आदेलिनोंना वाटलं, भारावल्या.

किल्ल्याचा चढ त्याहून खडा. वर एका मोरानं टोपलीत चोच घालून सॉसेजचं टोक ओढलं, तेव्हा आदेलिनोंनी त्याला टोपीनं हाकललं. मोर हलला नाही, आदेलिनोच दोन पावलं मागे सरले. शेवटी तटाजवळ बसायला जागा मिळाली.

"काय काय दिसतं इथून? सांगा ना," बाई म्हणाल्या.

"समोरच आहे की सगळं."

"मला सगळं धुकंच दिसतं. परवा डोळ्यांचं ऑपरेशन आहे. लिस्बनला यायचं यायचं म्हणत एकाहत्तर वर्षं गेली, आणि आले ती अशी."

आदेलिनोंनी कागद खिशात घातला. मग त्यांनी नुसतं सांगायला सुरुवात केली. लाल पूल कुठे आहे, ओहोटीला पाण्याचा रंग कसा पालटतो, धक्क्याला लागताना कुठल्या खिडकीतली बाई रोज कपडे वाळत घालताना दिसायची. खाली त्यांची फेरीबोट चालली होती, साबणाच्या वडीएवढी. चाळीस वर्षं आपण तिथं खाली होतो आणि इथून हे असं दिसत होतं! बाई डोळे मिटून ऐकत होत्या.

"तुमच्यामुळे आलो मी इथं," आदेलिनो मनापासून म्हणाले. "आता आपलं नातं एकदा पक्कं झालं, की मी सुटलो."

बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "तुम्ही फार भले गृहस्थ आहात. पण मी सगळं आयुष्य एकटीनं काढलं. आता या वयात लग्न नको."

"तुमचं लग्न?"

"मग कोणाचं?"

"तुमच्या मुलाचं!"

"मला मूल कुठलं? मी फिर्मिना. वाटेत कॅश्तेलु ब्रांकुला गाडीत बसले. तुम्ही आमच्या फादरनी पाठवलेले ना? मी मनात म्हणत होते, यांना मला फक्त बहिणीकडे पोचवायचं होतं आणि हे गावभर फिरवतायत. किती चांगला माणूस."

आदेलिनोंनी फोन काढला. झुल्मिराचे सतरा फोन येऊन गेले होते. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

टुकटुकमध्ये बसून दोघं स्टेशनवर पोचले. बाकावर झुल्मिरा, तिच्याशेजारी करड्या कोटातल्या दुसऱ्या बाई. मध्ये टोपली, त्यावर अर्धं संपलेलं चीज. पलीकडे एक इसम 'फिर्मिना' अशी पाटी घेऊन खांबाला टेकला होता.

आदेलिनो वाटेत तीन सबबी ठरवून आले होते. पण दोना फिर्मिनांचा हात धरून ते समोर उभे राहिले आणि म्हणाले, "विहीणबाई, मी तुमच्याऐवजी यांना घेऊन गेलो. आणि शहर दाखवतो म्हणालो, पण किल्ल्यावर मी आज पहिल्यांदा चढलो."

दोना फेलिस्मिनांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "आमचे हे मला एकदा गुवार्दाच्या जत्रेत विसरून घरी गेले होते," त्या म्हणाल्या. "वर्षभर म्हणत राहिले, तूच हरवलीस. तुम्ही निदान कबूल तरी केलंत." मग झुल्मिराकडे वळल्या. "तीन तासांत मला हवं ते सगळं कळलंय. पोरांचं लग्न सप्टेंबरात करू."

झुल्मिरानं नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "चला, मासा गार झाला," एवढंच म्हणाली आणि पाटीवाल्यासकट सगळ्यांना जेवायला घेऊन गेली. त्या जेवणाइतकं गोड जेवण आपण जन्मात जेवलो नाही, असं आदेलिनो अजून सांगतात, आणि त्यात मीठ जास्त झालं होतं.

सप्टेंबरात लग्न लागलं. दोना फिर्मिना पहिल्या रांगेत होत्या, आता सगळं लख्ख दिसत होतं त्यांना. आदेलिनो नवा सूट घालून आपणहून त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"ओळखलंत का?"

त्या आवाजानं बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी आदेलिनोंचे दोन्ही हात घट्ट धरले, वरून खालपर्यंत त्यांना नीट पाहिलं आणि फार मायेनं म्हणाल्या,

"बोलण्यावरून मला तुम्ही उंच वाटला होतात."