खिळ्यावरचा नान

निघायच्या गडबडीत नान चावायचा राहिला, हे खैरिनिसाच्या ध्यानात आलं ते ताश्कंदच्या वाटेवर कामचिकच्या घाटात गाडीचं पाणी उकळल्यावर. मुलाने घरातून निघताना नानचा एक घास तोडायचा, कामाला मॉस्कोला जायचं आणि खिळ्यावर टांगलेला बाकीचा नान खायला परत यायचं, अशी रीत. तिने घाटातच बोचकं सोडलं.

"ये इकडं. चाव."

"आई, गाडीतनं वाफ निघतीय."

"माझ्या डोक्यातनंही निघतीय. चाव आधी."

इल्होमने नानला दात लावले. काडकन आवाज झाला. नान जसाच्या तसा राहिला, पुढचा दात तेवढा तळहातावर आला.

"नान आहे का जातं?"

खैरिनिसाने नान फिरवून पाहिला आणि तिचं तोंड बंद झालं, जे गावात आजवर कुणाला जमलं नव्हतं. पलीकडच्या कडेला आधीच एक घास तोडलेला होता. तिच्या नवऱ्याचा. इल्होम रांगत होता तेव्हा तो असाच मॉस्कोला गेला आणि तिकडेच दुसरं घर मांडून बसला. आज लेकासाठी खिळा मोकळा हवा म्हणून तिने नवऱ्याचा नान उतरवला होता आणि शेजारणीच्या कोंबड्यांना भिजवून घालायला दिला होता. म्हणजे, तसं तिला वाटलं होतं. दोन्ही नान गुंडाळलेली फडकी सारखीच.

"मग माझा ताजा नान?"

"कोंबड्यांनी खाल्ला असेल."

"मग परत त्या येतील. मी कशाला?"

"गप बस. आणि तो दात इकडं दे."

"असा बोळका मी कामाला गेल्यावर मला ठेवून कोण घेणार?"

"विटा काय दातांनी उचलायच्यात? दे म्हणते ना. दात इथं ठेवून माणूस किती दिवस लांब राहील?"

"बाबा तर आपल्या दोघांना ठेवून गेले, आई."

ती कॅन घेऊन इंजिनाकडे वळली. इंजिनात ओतायचं पाणी निम्मं तिच्याच बुटांत गेलं.

इल्होमने नान घेतला आणि दाढेने कड कुरतडत बसला. बऱ्याच वेळाने एक तुकडा सुटला.

"गिळ."

"गिळला."

ताश्कंदला मामाच्या दारात गाडी लावून तो विमानात बसला. जाताना हसला, तोंड मिटून.

खैरिनिसा भाड्याच्या गाडीने घरी परतली. ज्या नवऱ्याला आज घराबाहेर काढायचं ठरवलं होतं, त्यालाच तिने त्याच खिळ्यावर परत टांगलं. मग नान जरा फिरवला. नवऱ्याचा घास भिंतीच्या कोपऱ्याकडे, लेकाचा दाराकडे.