पुन्हा पहिल्यापासून

आमच्या बाळ्याला झोपवणं म्हणजे एक कार्यच असे. एका दुपारी त्याच्या आईने अंगाई संपवली, पाळण्याची दोरी अलगद सोडली, आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "वहिनी, पुन्हा पहिल्यापासून! दुसरं कडवं निसटलं!" बाळ्या दचकून उठला आणि त्याने असं भोकाड पसरलं की ते बंदरापर्यंत ऐकू गेलं असेल.

हे आमचे शेजारी विसूतात्या. उरणच्या मिठागरांवर कारकून, एकटा जीव. कानावर कायम पेन्सिल. कुठे जात्यावर ओवी सुरू झाली, होडीवर कुणी तान मारली, की तात्या तिथे हजर. स्वतःचा गळा मात्र असा, की आरतीला त्यांच्या हातात झांजा देऊन आम्ही त्यांना गप्प ठेवत असू.

पुण्याच्या एका मंडळाने वर्तमानपत्रातून संगीतावरचे स्वतंत्र प्रबंध मागवले आणि तात्यांच्या अंगात वारं शिरलं. मला म्हणाले, "जन्मभर साहेबाने सांगितलं तेच लिहीत आलो. एक तरी गोष्ट माझी मी शोधून लिहिणार." प्रबंध कसा लिहितात हे सांगायला उरणात होतं कोण? तात्या आपले आपणच शिकू लागले.

पहिला विषय ठरला 'संगीत'. महिनाभराने तो 'हिंदुस्थानचं संगीत' झाला. मग 'कुलाबा जिल्ह्यातली गाणी', मग नुसती उरणची. स्वस्तातला सदरा प्रत्येक धुण्याला आखडावा तसा विषय आखडत चालला. मी थट्टा केली तर म्हणाले, "अहो, पाणी आटल्याशिवाय मीठ दिसतं का?" शेवटी विषय उरला एकच, आगरी लग्नातले धवले. धवला म्हणजे धवलारीण गाते ते लग्नाचं गाणं. आगऱ्यांत भटजीपेक्षा तिचा मान मोठा. ती गाईल तसतसं लग्न पुढे सरकतं.

आमच्या भागातली धवलारीण हिराबाय. तात्यांनी तिला कचेरीत बोलावलं, खुर्ची दिली, चहा पुढे केला, पेन्सिलीला टोक काढलं आणि म्हणाले, "हं, गा."

हिराबाय खुर्चीवरून उठलीच. "लगीन नाय त धवला नाय! नवरी नाय, हलद नाय, नी मी कोनाचे नावान गाऊ? तुजे?"

तेव्हा तात्या खऱ्या लग्नाला गेले. मांडवात पुढेच बसले. हिराबाय गात होती, नवरीला हळद लागली होती, सगळं छान चाललं होतं. इतक्यात तात्यांची एक ओळ निसटली आणि ते सवयीने ओरडले, "पुन्हा पहिल्यापासून!"

मांडवात एकच गहजब झाला. अर्ध्यावर आलेलं लग्न पुन्हा पहिल्यापासून, याहून मोठा अपशकुन कुठला? नवरीची आई रडायला लागली, आणि नवरीच्या मामाने तात्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. त्यानंतर एकाही मांडवात त्यांना थारा मिळेना. प्रबंधाचं बाकी सारं लिहून तयार, आणि मुख्य प्रकरणच कोरं. जेवणावरची त्यांची वासना उडाली. मला त्यांची दया येई, पण तोंडाने मी चेष्टाच करत राहिलो.

तोड आमच्या घरातून निघाली. ही म्हणाली, "तात्या, तुळशीचं लग्न आहे ना कार्तिकात? ते तर खरंच लग्न."

तात्यांनी हौसेने अंगण सारवून घेतलं, उसाचा मांडव घातला, हळद आणली. नवरदेव आमच्या देव्हाऱ्यातला बाळकृष्ण. हिराबायला बोलवायला ते स्वतः गेले आणि भर अंगणात तिची माफी मागून आले. ती आली, वृंदावनापुढे बसली. तात्या पेन्सिल सरसावून शेजारी.

"नवरीचा नाव काय?" हिराबायने विचारलं.

"तुळस," मी म्हणालो.

"त्ये मना ठावं हाय. बापाला इचारतंय मी. तुजे पोरीचा नाव काय, तात्या?"

तात्या तुळशीकडे वळले. मग हळूच म्हणाले, "यमू."

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, आम्हाला पत्ता नव्हता.

"आम्ही तळे गावात राहत असताना तापात गेली," तात्या म्हणाले. "लग्नाचं बोलणं चाललं होतं तिच्या."

हिराबायने त्यांच्याकडे पाहिलं, पदर सारखा केला. "मंग तिचाच लगीन लावू," म्हणाली आणि गाऊ लागली. यमूला हळद लागली, यमूला चुडा भरला, यमू पाठवणीला निघाली. माझे डोळे भरून आले. ही तर उघड रडत होती. तात्यांनी पेन्सिल कधीच खाली ठेवली होती. ते हात जोडून वधूपित्यासारखे उभे होते.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर प्रबंधाचं ते प्रकरण तसंच कोरं. एकही ओळ उतरली नव्हती. पुण्याची मुदत तर संपत आलेली.

"तात्या," मी म्हटलं, "हिराबाय आता नाही म्हणायची नाही. अजून तुळशीची लग्नं चालू आहेत. बोलावू का? पुन्हा पहिल्यापासून गाईल ती."

तात्यांनी कागद नीट जुळवून बाजूला ठेवले.

"नको हो," ते म्हणाले. "पोरीची पाठवणी एकदाच करायची असते."